जागलीपासून रोवण्यापर्यंत

ख्रिस्ती माणसाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला तो आगमनकाळाचा पहिला रविवार, आणि तिथून आमचं वर्ष लागतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे तेव्हा जड धानाची कापणी चाललेली असते, बांध्यांत कडपा वाळत पडलेल्या असतात आणि रात्री गावात गेलं तर निम्मे पुरुष घरी सापडत नाहीत. रानडुकरं धान तुडवतात, म्हणून ते जागलीला गेलेले असतात. मी कुष्ठरोग कार्यक्रमातला सरकारी नोकर. महिन्यातून एकदा औषधाचा पहिला डोस रुग्णाला समोर गिळायला लावायचा, हा माझ्या कामाचा पाया. दिवसा कापणी आणि रात्री जागल करणारा माणूस मला भेटणार कधी? म्हणून नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यापासूनच मी संध्याकाळी बॅटरी घेऊन घोडाझरीच्या कालव्याखालच्या शेतांवर जायला लागलो.

जागलीच्या माळ्याखाली शेकोटी असायची. रुग्ण खाली उतरायचा, गोळ्या घ्यायचा आणि म्हणायचा, “बसा जी थोडा वेळ.” त्या बसण्यात माझं अर्धं शिक्षण झालं. घरी चार माणसांचे कान असतात. घरात ज्यानं हातावरचा एकच चट्टा दाखवला होता, त्यानं एका रात्री शेकोटीजवळ सदरा वर करून पाठीवरचा दुसरा दाखवला. तो बायकोनंही पाहिलेला नव्हता. दुसऱ्या एकानं विचारलं, “गोळ्या खाल्ल्यावर बोटाले पुन्हा समजंल का जी?” खरं उत्तर अवघड होतं. औषधानं जंतू मरतात, रोग पसरायचा थांबतो, पण नस एकदा मेली की बधिरपण बहुधा राहतं. मी त्याला तसंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “म्हणजे आहे तेवढं राहील ना?” गोळ्या नीट घेतल्या तर बहुधा तेवढं राहील, एवढं मी सांगू शकत होतो.

आगमनकाळात सगळा उपदेश जागं राहण्यावर आणि आशेवर असतो. लहानपणापासून ऐकलेला तो उपदेश मला या शेतांवर कळला. आशा द्यायची तर ती खोटी देता येत नाही. जो माणूस तुमच्या शब्दावर वर्षभर गोळ्या खाणार आहे, त्याला आज गोड वाटेल असं बोललात, तर सहाव्या महिन्यात तो पाकीट फेकून देतो आणि पुढचे दिवस तुमच्याकडे फिरकतही नाही.

माझ्या घराण्याचं सांगायला हवं. आजोबा चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, मिशनमधले. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीनं उभं केलेलं ते मिशन. तिथले पाद्री अ‍ॅलेक्स वुड पुढे 1926 मध्ये नागपूरचे बिशप झाले. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे एक जुनं मराठी प्रार्थनापुस्तक आलं. त्यात वर्षाच्या प्रत्येक रविवारला एक पत्र आणि एक शुभवर्तमान नेमून दिलेलं आहे. दरवर्षी तो रविवार आला की तोच पाठ. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. वडील त्या उपासनेला हजर होते आणि मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल अभिमानानं बोलत. नव्या चर्चमध्ये पुढे नवे पाठही आले. घरी मात्र वडिलांनी जुनंच पुस्तक वाचायचं ठेवलं आणि मीही ते सोडलं नाही.

नागभीडला ते पुस्तकच आमचं देऊळ झालं. आमच्या मंडळीची दोन-चार कुटुंबं, तीही बदलीच्या नोकरीतली. नागपूरला जायचं तर तेव्हाची नॅरोगेज, शंभरेक किलोमीटरला अख्खा दिवस घेणारी. ती 2019 मध्ये बंद झाली. प्रभुभोजनासाठी महिन्यातून एकदा चंद्रपूर, आणि बाकीचे रविवार घरातल्या पाटावर. बायको उपासनासंगीतातली पदं म्हणायची, त्यातली कितीतरी रेव्हरंड टिळकांची. मुलं पाठ वाचायची. शेजारी ब्रह्मपुरीच्या ख्रिस्तानंद रुग्णालयात केरळच्या सिस्टर होत्या. त्यांच्या सीरो-मलबार रीतीत ईस्टरआधीचा मोठा उपास सोमवारी लागतो, आमचा बुधवारी. एका उपासाच्या दोन सुरुवाती, आणि दोन्हीकडे रुग्ण तेच.

पहिल्याच वर्षी आम्ही नवरा-बायकोनं एक गोष्ट ठरवली: गोळीसोबत पुस्तिका जाणार नाही. औषध सरकारचं, त्यावर माझ्या श्रद्धेचा शिक्का मारायचा मला अधिकार नव्हता, हे एक कारण. दुसरं मला जास्त मोठं वाटतं. आजारी माणूस उपकाराखाली असतो, आणि उपकाराखाली वाकलेल्या माणसाकडून होकार घेणं म्हणजे त्याचाही अपमान आणि देवाचाही. कुणी विचारलं तर लपवायचं नाही. न विचारता सांगायचं नाही. माझ्याच समाजातल्या काहींना हे पटलं नाही. एकानं मला तोंडावर सांगितलं की तू दिवा टोपलीखाली ठेवतोस. मी उलट उत्तर दिलं नाही, पण नेमही बदलला नाही. गोळी गिळताना रुग्णाच्या डोळ्यांत “याच्या बदल्यात काय?” असा प्रश्न येऊ नये, एवढं मला हवं होतं.

नाताळात देवानं माणसाचं शरीर घेतलं, असं आम्ही मानतो. त्या शरीराला कातडी होती, नसा होत्या, दुखणं होतं. वर्षभर मी कातडी आणि नसाच तपासत होतो, त्यामुळे माझ्यासाठी हा सण फार जवळचा झाला. शेताच्या धुऱ्यावर एका म्हाताऱ्याचं खोपटं होतं. घरच्यांनी त्याला तिथं ठेवलेलं. सून ताट आणायची आणि चार हात लांब ठेवून जायची. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होत नाही, हे मी तिला परोपरीनं सांगितलं होतं. एका नाताळच्या दुपारी आम्ही दोघं करंज्या आणि अनारसे घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं सवयीनं जर्मनची ताटली जमिनीवर सरकवली आणि स्वतः मागे झाला. बायको खाली बसली, ताटली बाजूला केली आणि करंजी त्याच्या हातावर ठेवली. बोटं वाकडी झालेली, करंजी घसरत होती. त्यानं दोन्ही तळव्यांत धरली. मग त्यानं चुलीवर काळा चहा टाकला. आम्ही तो प्यालो. सून धुऱ्यावर उभी राहून बघत होती.

त्यानंतर ती बदलली, असं मी म्हणणार नाही. ताट पुढेही लांबच ठेवलं जायचं. पण तिचा पोरगा आज्याच्या खोपटात खेळायला जाऊ लागला आणि तिनं त्याला अडवलं नाही. म्हातारा गेला तेव्हा तो पोरगा मोठ्यानं रडला, हे मला त्याच्या वडिलांनी सांगितलं.

6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, आणि त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी आजोबांच्या पुस्तकात मत्तयाच्या आठव्या अध्यायाची सुरुवात आहे: एक कुष्ठरोगी येशूच्या पाया पडतो. प्रभू हात पुढे करून आधी त्याला स्पर्श करतो, बरं नंतर करतो. हा क्रम वडिलांनी मला लहानपणी दाखवून दिला होता. हा रविवार 30 जानेवारीच्या, म्हणजे गांधीजींच्या स्मृतिदिनाच्या आसपास येतो. त्याच दिवशी आमचा कुष्ठरोग दिन. शाळांत भाषणं, गावात फेरी. कामाच्या वर्षात आणि पाठांच्या वर्षात एकच आठवडा.

1999 मध्ये तो तिसरा रविवार 24 जानेवारीला आला. आदल्या रात्रीच रेडिओवर बातमी ऐकली होती आणि सकाळच्या वर्तमानपत्रात ती सविस्तर आली. ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, एक 10 वर्षांचा, एक 6 वर्षांचा, गाडीत झोपलेली असताना जमावानं गाडीसकट जाळली. स्टेन्स 1965 पासून भारतात होते आणि बारीपद्याला कुष्ठरुग्णांसाठी काम करत होते. माझा धर्म आणि माझाच पेशा. आमचा धाकटा तेव्हा साधारण त्यांच्या धाकट्याएवढाच. बायको म्हणाली, आज आपण दुसरा एखादा पाठ वाचू. मी म्हटलं, आजचाच वाचू. अर्ध्यावर माझा आवाज फुटला, उरलेलं मोठ्या मुलीनं वाचलं.

मी घाबरलो होतो. माझं कुणी काही बिघडवलं नव्हतं, मला कुणाला क्षमा करायची नव्हती. मला फक्त सोमवारी कामावर जायचं होतं, आणि तेवढंसुद्धा जड झालं होतं. सोमवारी जंगलाकडच्या एका गावात गोळ्या द्यायच्या होत्या. सगळे रुग्ण आले. एक म्हातारा शेवटपर्यंत थांबला आणि बाकीचे गेल्यावर म्हणाला, “तुमीबी त्याच धरमाचे ना जी?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ विचारलं होतं. मी हो म्हटलं. “मंग एकटे जाऊ नोका,” म्हणाला, आणि पायाला जखम असलेला तो माणूस काठी टेकत डांबरी रस्त्यापर्यंत माझ्यासोबत चालत आला. मी परोपरीनं नको म्हणत होतो. पुढे काही दिवसांनी स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारीपद्याचं काम चालू ठेवलं, हेही वाचलं. त्या बाईंच्या शब्दांपुढे मी आजही नमून आहे. पण त्या आठवड्यात मला कामावर उभं ठेवलं ते काठी टेकत चालणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं.

राखेच्या बुधवारी उपासकाळ लागतो आणि पाठोपाठ आमच्याकडे झाडीपट्टीत मोह गळायला लागतो. फुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. राखेखाली विस्तव राहतो. ज्याच्या पायाला समजत नाही त्याच्यासाठी ती जागा घातक. एक बाई माझ्याकडे आली, डावा तळपाय टाचेपर्यंत भाजलेला. कधी भाजलं, विचारलं तर म्हणाली, “वास आला म्हणून खाली पाह्यलं जी.” दुखणं नसणं ही केवढी मोठी आपत्ती आहे, हे ज्यानं असा पाय हातात धरला त्यालाच कळतं. तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले आणि वेल्लोरला काम केलेले डॉक्टर पॉल ब्रँड यांनी जगाला हे दाखवून दिलं की कुष्ठरुग्णाची बोटं रोगानं झडत नाहीत. वेदनेचा इशारा मिळत नाही म्हणून जखमांवर जखमा होत जातात आणि पाय संपतो. तेही ख्रिस्ती मिशनरी घरातले. वेदना ही देणगी आहे, असं ते सांगत. उपासकाळात दुःखाबद्दल फार बोललं जातं, आणि प्रत्येक वेळी मला तो भाजलेला तळपाय आठवतो.

साध्या जखमेला पूर्ण विश्रांती दिली तर ती साधारण सहा आठवड्यांत भरते. उपासकाळ जवळपास तेवढाच. म्हणून या दिवसांत मी निवडक रुग्णांचे पाय भरून आणायचे, असा नेम केला. पण मोहाच्या दिवसांत गरीब बाईला घरी बस कसं म्हणायचं? त्या हंगामाच्या पैशावर वर्षाचं तेल-मीठ चालतं. त्या बाईसाठी मी तिच्या जावेकडे गेलो. दोघींचं बोलणं बंद होतं. जाऊ आधी तिरसटून बोलली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाली, वेचीन मी, पण अर्धा मोह माझा. व्यवहार झाला. सहा आठवडे ती बाई खाटेवर पाय वर करून बसली, आणि शेवटी शेवटी जाऊ संध्याकाळी तिच्याजवळ बसून मोह निवडायला लागली होती. मी यात प्रार्थना कमी आणि रदबदली जास्त केली. शिष्यत्वाचा बराचसा भाग असा निरोप पोचवण्यात जातो.

याच दिवसांत वाघाचं भय सगळ्यात जास्त. पहाटे अंधारात वाकून मोह वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. ब्रह्मपुरी वनविभागात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. एका वर्षी पवित्र आठवड्यात माझ्या एका रुग्णाचा तरुण मुलगा असा गेला. उत्तम शुक्रवारी चंद्रपूरला बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते. त्यातल्या एका उद्गारावर मला बोलायचं होतं. मी गेलो नाही. त्या बापाच्या ओसरीवर बसून राहिलो. तो उद्गार, देवा तू मला का सोडलंस हे विचारणारा, तिथं वेगळा सांगायची गरज नव्हती.

आदल्या दिवशीचा, म्हणजे पवित्र गुरुवारचा विधी मला सगळ्यात जवळचा. चर्चमध्ये पाळकसाहेब बाराजणांचे पाय धुतात. माझं ते रोजचंच काम होतं. घमेल्यात साधं पाणी घ्यायचं, कोमट केलं तर आधी कोपरानं तपासायचं, कारण रुग्णाला चटका कळत नाही. पाय वीसेक मिनिटं भिजू द्यायचे. कडेची कातडी पांढरी, मऊ झाली की खरबरीत दगडानं घट्टे घासायचे, भेगांच्या कडा बसवायच्या, आणि पाय निथळून, न पुसताच, वरून तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. मग मऊ रबरी तळाच्या एमसीआर चपलेत खडा-काटा तर नाही ना, हे हात फिरवून बघायचं. पहिल्यांदा पाय धरला की प्रत्येक जण मागे ओढतो. “पाप लागंल मले, पाय नोका धरू जी.” येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही असंच म्हणाला होता.

पण पेत्राची पाळी माझ्यावरही आली. पावसाळ्यात एका म्हातारीच्या दारी पोचलो तेव्हा माझे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते. तिनं तांब्या दोन्ही मनगटांत धरून आणला आणि माझ्या पायांवर पाणी ओतायला लागली. बोटं नव्हतीच. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला तर रागावली: “तुमी आमचे धुता, मंग आमी धुतले तं काऊन नाही चालत?” मी उभा राहिलो. तिनं वाकून चिखल चोळून काढला. दुसऱ्याचे पाय धुणं मला लवकर जमलं होतं, हे उभं राहणं उशिरा जमलं.

नोकरीच्या अखेरीला 2020 चा पवित्र आठवडा टाळेबंदीत गेला. पुनरुत्थानाचा रविवार 12 एप्रिलला होता. चर्च बंद, रस्ते बंद. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, म्हणजे आशाताईंच्या, हाती गोळ्यांची जादा पाकिटं आधीच पोचवून ठेवली होती म्हणून कुणाचा उपचार तुटला नाही. जगभरचे ख्रिस्ती लोक त्या वर्षी घरात उपासना कशी करायची हे शिकत होते. आम्हाला ते नवीन नव्हतं.

पुनरुत्थानाच्या काळात मला एक हात आठवतो. पंचविशीतली मुलगी, उजव्या हाताची बोटं आत वळलेली. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. त्या वेळी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं; हिंदू विवाह कायद्यात होतं आणि पुढे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातही आलं. 2019 मध्ये संसदेनं पाच कायद्यांतून ते काढलं. येशूनं ज्यांना हात लावला त्यांनाच सोडायची मुभा देणारा कायदा माझ्याही समाजात इतकी वर्षं राहिला आणि आम्ही मंडळीत त्यावर कधी तोंड उघडलं नाही, याचं मला वाईट वाटतं. तर त्या मुलीच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. चांगल्या स्नायूची कंडरा वळवून बोटांकडे बसवतात. मग आठवडेच्या आठवडे मेंदूला नव्यानं शिकवावं लागतं की ही कंडरा आता हे काम करते. ती रोज वाटीतली तूर एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची. एक दिवस मी तिच्या घरी गेलो तर स्वयंपाक करत होती. डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं आणि भाजीत टाकलं. मला दाखवायला म्हणून पुन्हा घेतलं. भाजी खारट झाली, दोघं हसलो.

बधिरपण तसंच राहिलं. तळहातावर शिवणीचा लांब व्रण राहिला. ईस्टरनंतर आठवड्यानं थोमाची गोष्ट घडते: उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच. देवानं ते पुसले नाहीत. माझ्या रुग्णांपैकी बरा झालेला प्रत्येक जण असाच, व्रणांसकट बरा झालेला. मे महिन्यात ती मुलगी आईसोबत तेंदूपत्ता तोडायला गेली. 70 पानांचा एक पुडा, पानं मोजून बांधायचा. त्या हातानं पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन दिले. नवरा परत आला नाही. तिनंही त्याची वाट पाहिली नाही.

स्वर्गारोहण, पन्नासावा दिवस हे सण तेंदूच्या धावपळीत आणि उन्हात कसे जायचे कळायचं नाही. मग त्रैक्याचा रविवार, आणि तिथून पुढच्या आगमनकाळापर्यंत आजोबांच्या पुस्तकात नुसते क्रमांक: त्रैक्यानंतरचा पहिला, दुसरा, तिसरा, असे वीस-पंचवीस. जवळपास निम्मं वर्ष. धाकटेपणी हे रविवार मला कंटाळवाणे वाटत. नागभीडला कळलं की खरं काम याच काळात असतं. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकले जातात, मग रोपांची लावणी म्हणजे रोवणे लागतात, बाया सकाळपासून अंधार पडेपर्यंत घोटाभर पाण्यात वाकून असतात. चिखलात चप्पल चालत नाही. उन्हाळ्यात भरत आणलेली जखम आठ दिवसांत पुन्हा उघडते. हिवताप, सर्पदंश, सगळं याच दिवसांत, त्यामुळे आरोग्य केंद्रातही कुष्ठरोगाचं काम मागे पडतं. रोवण्याला जाऊ नको, असं मी कुणाला म्हणू शकलो नाही. रात्री घरी आल्यावर पाय धू, जखम झाक, तेल लाव, एवढंच. तेच पाय, तीच जखम, दरवर्षी. पुस्तकही दरवर्षी तेच पाठ देत होतं, त्यामुळे असेल, मी या कामाला विटलो नाही.

याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचं मला नेहमी अप्रूप वाटत आलं. 1983 मध्ये दीड एकराचा धनी असलेल्या या माणसाला आपल्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यानं त्या जपून ठेवल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिला, आणि त्यातून आलेलं धान पुढे एचएमटी घड्याळाच्या नावानं सगळीकडे पोचलं. 2018 मध्ये ते गेले. अख्ख्या बांधीत एक वेगळी लोंबी दिसायला डोळे किती शांत लागतात! अख्ख्या शाळेच्या रांगेत एका पोराच्या गालावरचा फिकट चट्टा दिसायलाही तसेच लागतात.

2005 च्या अखेरीस देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण 10,000 लोकसंख्येमागे एकाच्या खाली आलं आणि दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. यश खरंच मोठं होतं, त्यात आमचाही वाटा होता. पण पूर्व विदर्भात रुग्ण निघतच राहिले, आणि कामावरची माणसं मात्र कमी झाली. लोकांना वाटलं रोग संपला, तपासणीला अंग दाखवायला लोक तयार होईनात. त्रैक्यानंतरचे क्रमांकाचे रविवार मला तेव्हा फार उपयोगी पडले. सण संपल्यावरही मोजणी चालू ठेवायची, हे त्या पुस्तकानं आधीच लावून दिलं होतं.

त्रैक्यानंतरचा चौदावा रविवार पोळ्याच्या आगेमागे येतो. त्या दिवशी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट. दहाजण बरे होतात, एकटा परत येऊन आभार मानतो. उरलेल्या नऊजणांना सगळे उपदेशक कृतघ्न ठरवतात. मला ते नऊजण ओळखीचे आहेत. आठवडी बाजारात ते मला नेहमी भेटतात. मी ज्याला वर्षभर गोळ्या दिल्या, ज्याच्या घरी चहा प्यालो, तो समोरून येतो आणि मान वळवून भाजीच्या ढिगाकडे बघतो. त्यानं मला नमस्कार केला तर सोबतचा विचारेल, या माणसाला तू कसा ओळखतोस? गावाला माहीत आहे मी कशाचा माणूस आहे. माझी ओळख म्हणजे त्याच्या रोगाची साक्ष. एका बाईच्या मुलीचं लग्न ठरत होतं. पाहुण्यांसोबत ती कापडाच्या दुकानात उभी होती. मला पाहून तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. मी दुकानात न थांबता पुढे गेलो.

सुरुवातीला हे लागायचं. मग मीच आधी नजर वळवायला शिकलो. ते नऊजण याजकाला अंग दाखवून घरी गेले असतील, अंगणात पोरं धावत आली असतील, आणि कालपर्यंत आपण कुठं होतो हे त्यांना कुणाला सांगायचं नसेल. प्रभूनं त्यांचं बरं होणं परत घेतलं नाही, हे मला त्या पाठात महत्त्वाचं वाटतं. आमच्या मंडळीत एकदा मला या पाठावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी नऊजणांच्या बाजूनं बोललो. एका बुजुर्गांना ते आवडलं नाही. त्यांच्या बहिणीनं मात्र बाहेर येऊन माझा हात धरला आणि काही न बोलता गेली. तिनं का धरला, ते मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर माझ्या जागी आलेला तंत्रज्ञ बौद्ध घरातला, हुशार मुलगा. गावांची वही त्याच्याकडे दिली तर नोंदींपुढे रविवारांची नावं बघून गोंधळला. मी एकेक समजावून सांगितलं आणि त्यानं शेजारी आपल्या अक्षरात लिहून घेतलं: मोह, तेंदू, पऱ्हे, रोवणे, पोळा, कापणी. या जुलैत त्याचा फोन आला, रोवण्याच्या दिवसांत बाया भेटत नाहीत, काय करू? मी म्हटलं, बांधीवर जाऊन हाक मारू नकोस, सगळ्यांसमोर तिला बाहेर यावं लागेल. आशाताईच्या घरी संध्याकाळी सातनंतर बस, येतील. आणि बाजारात कुणी ओळख दिली नाही तर तूही देऊ नकोस. कोणत्या गावापासून सुरुवात करू, त्यानं विचारलं. कालव्याखालची आधी घे म्हटलं, तिथले रोवणे लवकर उरकतात.